विहिरीवरच्या कंट्रोलरमधलं गणित: सी-मधली छोटी फंक्शनं वेगवान कशी करायची

कृषिपंपाच्या स्टार्टरशेजारी बसवलेल्या संरक्षक पेटीचं काम सांगायला सोपं आहे. तिन्ही फेजचा करंट आणि व्होल्टेज सतत पाहायचं, आणि एखादी फेज गेली किंवा विहिरीचं पाणी तुटून मोटर कोरडी फिरू लागली की रिले सोडायचा, म्हणजे मोटर बंद करायची. वरुड-मोर्शीच्या संत्राबागेत असो की यवतमाळकडच्या कपाशीच्या वावरात, रात्रीच्या पाळीत लाईन आली की मोटर आपोआप सुरू होते आणि पाहायला तिथं कोणी नसतं. त्यामुळे पेटीतल्या प्रोग्रॅमला डोळा मिटायची मुभा नाही. तो डोळा मिटतो तेव्हा बहुतेक वेळा सेन्सर ठीक असतो. एखादं दोन ओळींचं गणिती फंक्शन सेकंदाला हजारो वेळा बोलावलं जातं आणि त्यातच वेळ संपतो.

हिशोब मांडून पाहू. एटीमेगा३२८पी, म्हणजे अर्डुइनो उनोवरची चिप, १६ मेगाहर्ट्झवर चालते. तिच्या एडीसीला, म्हणजे सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणाऱ्या भागाला, १२५ किलोहर्ट्झचं घड्याळ दिलं तर एका रूपांतराला १३ ठोके, म्हणजे १०४ मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला साधारण ९,६०० नमुने मिळतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. तेवढ्यात १९२ नमुने बसतात आणि सहा चॅनलांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३२ येतात. वेव्हचा आकार पकडायला एवढे पुरे. पण दोन नमुन्यांमध्ये प्रोसेसरकडे फक्त १,६६४ सायकल, म्हणजे त्याच्या घड्याळाचे ठोके, आहेत, आणि नमुन्यावरचं सगळं काम त्यातच उरकायचं आहे.

या चिपमध्ये दशांश गणिताचं हार्डवेअर नाही. फ्लोटची, म्हणजे दशांश संख्येची, प्रत्येक क्रिया लायब्ररी (कंपायलरसोबत येणारा तयार कोड) पूर्णांकांवरून जुळवून करते. ढोबळ मानानं बेरीज-वजाबाकीला शंभरेक सायकल, गुणाकाराला दीडशेच्या आसपास, भागाकाराला साडेचारशेच्या घरात. एक्स्प (ई चा घात), लॉग, पॉव (कोणताही घात) यांची मजल काही हजारांवर जाते. नमुना फ्लोटमध्ये बदलायचा, मधला शून्यबिंदू (करंट शून्य असताना येणारा आकडा) वजा करायचा, कॅलिब्रेशनच्या आकड्यानं भागायचं, वर्ग करून बेरजेत टाकायचं, असं सरळ लिहिलं तर नऊशेच्या आसपास सायकल जातात. वर्गासाठी पॉव वापरलं तर १,६६४चं अंदाजपत्रक तिथंच मोडतं. नमुने सुटू लागतात, आणि आवर्तनात ३२ऐवजी २१च नमुने आले हे प्रोग्रॅमला कळतही नाही. आकडा येतो, पण चुकीचा.

यातून बाहेर पडायची सगळी वाट एका गोष्टीवर उभी आहे. लायब्ररीतलं फंक्शन कोणत्याही आकड्याला, शक्य तितक्या अचूकपणे उत्तर द्यायला लिहिलेलं असतं. ऋण संख्या, अनंत, 'नॅन' (हा आकडाच नाही अशी खूण), अतिलहान आकडे, सगळं त्याला सांभाळावं लागतं. तुमच्या फंक्शनपुढं कोणते आकडे येणार आणि उत्तर किती बारीक हवं, हे फक्त तुम्हालाच ठाऊक असतं. दहा बिटांच्या एडीसीतून १,०२४ आकड्यांपलीकडे काही येऊच शकत नाही. ही माहिती कंपायलरकडे नसते. ती कोडमध्ये उतरवणं हेच खरं ऑप्टिमायझेशन आहे. कंपायलरचे पर्याय आणि चलाख बिटखेळ त्यानंतर येतात.

वर्गमूळ काढूच नका

करंटचं आरएमएस मूल्य म्हणजे वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ. पण पेटीला मूल्य नको असतं. तिला "मर्यादेच्या वर की खाली" एवढंच हवं असतं. दोन धन संख्यांची तुलना त्यांच्या वर्गांवरूनही तशीच होते, म्हणून मर्यादेचाच वर्ग करून ठेवायचा. वर्गमूळ गेलं.

शून्यबिंदूचं तसंच. एडीसीचा मध्य ५१२ असावा, पण रेझिस्टरांच्या फरकामुळे तो ५०७ किंवा ५१८वर असतो आणि उन्हानं पेटी तापली की थोडा सरकतोही. म्हणून प्रत्येक नमुन्यातून ठरावीक आकडा वजा करू नये. ३२ नमुन्यांची बेरीज आणि त्यांच्या वर्गांची बेरीज अशा दोनच गोष्टी जमवायच्या आणि आवर्तन संपलं की एकदाच हे करायचं:

फरक = ३२ × वर्गबेरीज − बेरीज × बेरीज

हा फरक आरएमएसच्या वर्गाच्या बरोबर १,०२४ पट असतो, आणि शून्यबिंदू कुठंही असला तरी तो आपोआप वजा झालेला असतो. मर्यादा ६० एडीसी-पायऱ्यांची असेल तर ६० × ६० × १,०२४ = ३६,८६,४०० हा आकडा सेटिंग बदलताना एकदाच काढून ठेवायचा. नंतर नुसती तुलना. भागाकार नाही, फ्लोट नाही.

आकडे मावतात का, हे कागदावर पाहावंच लागतं. नमुना जास्तीत जास्त १,०२३, त्याचा वर्ग २ च्या २० व्या घाताच्या आत. ३२ वर्ग मिळून २५ वा घात, पुन्हा ३२ नं गुणून ३० वा. म्हणजे ३२ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात सगळं बसतं. पण इथंच एक जुना खड्डा आहे. या चिपवर साधा 'इंट' १६ बिटांचा असतो. १८१ चा वर्ग ३२,७६१ मावतो, १८२ चा ३३,१२४ मावत नाही. म्हणून गुणाकाराआधीच एका बाजूला ३२ बिटांचा टाइप द्यावा लागतो. उत्तर साठवायची जागा ३२ बिटांची ठेवून भागत नाही, कारण गुणाकार आधी १६ बिटांतच होऊन जातो आणि मोडलेलं उत्तर मोठ्या जागेत जाऊन बसतं.

हेच गणित फ्लोटमध्ये केलं तर आणखी एक तोटा. फ्लोटमध्ये २४ बिटांचीच अचूकता असते. शून्यबिंदू ५१२ धरला तर वरच्या सूत्रातले दोन्ही मोठे आकडे २६-२७ कोटींच्या घरात जातात, आणि तिथं फ्लोटची एक पायरी १६ ते ३२ची असते. दोन मोठे, जवळजवळ सारखे आकडे वजा केले की छोटा करंट त्या पायऱ्यांत बुडतो. पूर्णांकात ही वजाबाकी नेमकी होते. म्हणजे इथं पूर्णांक जलदही आहे आणि जास्त अचूकही.

एलसीडीवर अँपिअर दाखवायचे असतील तेव्हा वर्गमूळ लागेलच. ते सेकंदाला एकदा, मुख्य लूपमध्ये, लायब्ररीचं फंक्शन वापरून खुशाल काढा. फक्त इंटरप्टमध्ये (नमुना तयार होताच मुख्य काम थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) जमलेल्या ३२ बिटांच्या बेरजा वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करून प्रत घ्या. आठ बिटांचा प्रोसेसर चार बाइट चार वेळा उचलतो. मधेच नवा नमुना आला तर अर्धा जुना, अर्धा नवा आकडा हाती येतो, आणि ही चूक दिवसातून एखाददुसऱ्यांदाच दिसत असल्यामुळे शोधायला फार त्रास देते. एडीसी सलग चालत असेल तर चॅनल बदलल्याचा परिणाम लगेचच्या रूपांतराला लागत नाही, त्याच्या पुढच्या रूपांतराला लागतो, तेही हिशोबात धरा. नाहीतर आर फेजचा करंट वाय फेजच्या खात्यात जमा होतो.

इनलाइनचा खरा फायदा कुठं

छोटं फंक्शन बोलावायलाच वेळ लागतो म्हणून ते इनलाइन करा, म्हणजे बोलावण्याच्या जागीच त्याचा कोड छापा, हा सल्ला सगळे देतात. मुख्य लूपमध्ये हा फायदा नगण्य असतो. इंटरप्टमध्ये तो ठळक दिसतो. इंटरप्टच्या आतून दुसरं फंक्शन बोलावलं की ते कोणते रजिस्टर (प्रोसेसरमधले छोटे कप्पे) खराब करेल हे कंपायलरला कळत नाही, म्हणून तो आर-१८ ते आर-२७, आर-३० आणि आर-३१ असे बारा रजिस्टर आधी स्टॅकवर (रॅममधल्या तात्पुरत्या जागेत) ठेवतो आणि शेवटी परत आणतो. एकेका रजिस्टरला जाता-येता चार सायकल. सुमारे पन्नास सायकल निव्वळ सामानाच्या उचलाठेवीत जातात. तेच फंक्शन इनलाइन झालं तर लागतील तेवढेच रजिस्टर जपले जातात.

कसं लिहायचं: फंक्शन हेडर फाइलमध्ये 'स्टॅटिक इनलाइन' म्हणून ठेवा. फक्त 'इनलाइन' लिहून सोडू नका. सी९९च्या नियमानुसार नुसत्या इनलाइन व्याख्येतून लिंकरला (सगळ्या फाइली जोडणाऱ्या प्रोग्रॅमला) सापडेल असं स्वतंत्र फंक्शन तयार होत नाही. ओ-टू या ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर सगळं चालतं, आणि डीबगसाठी ओ-झिरो केलं की "अनडिफाइन्ड रेफरन्स" येतं. फंक्शन दुसऱ्या सी-फाइलमध्ये असेल तर एलटीओ (जोडणीच्या वेळचं ऑप्टिमायझेशन) चालू असल्याशिवाय कंपायलरला त्याचं पोट दिसतच नाही. आणि मोठी फंक्शनं बळंच इनलाइन करू नयेत. ३२ किलोबाइटच्या फ्लॅशमध्ये तीच ओळ दहा ठिकाणी छापली जाते.

आधी मोजा, आणि नीट मोजा

हवामानाची छोटी पेटी दर दहा मिनिटांनी एकदा बाष्पदाब (हवेतल्या वाफेचा दाब) काढते. त्यातल्या एक्स्पला समजा ५,००० सायकल लागतात, म्हणजे ०.३१ मिलिसेकंद. दिवसाला १४४ वेळा केलं तर दिवसभरात ४५ मिलिसेकंद. बॅटरी तिथं जात नाही, ती रेडिओच्या प्रक्षेपणात आणि नीट न झोपलेल्या प्रोसेसरमध्ये जाते. वेगासाठी अशा फंक्शनला हात लावू नये. एकूण वेळेच्या दहा टक्के खाणारं फंक्शन तुम्ही पूर्ण शून्यावर आणलं तरी प्रोग्रॅम जेमतेम ११ टक्के वेगवान होतो, हे साधं गणित आहे.

मोजायचं कसं? एटीमेगावर टायमर-१ विनाप्रीस्केलर, म्हणजे घड्याळ न विभागता, चालवला तर तो थेट सायकल मोजतो, ६५,५३५पर्यंत. अर्डुइनोचं मायक्रोज-फंक्शन चार मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांत मोजतं, म्हणजे ६४ सायकलखालचं त्याला दिसतच नाही. कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ या ३२ बिटांच्या प्रोसेसरांत डीडब्ल्यूटी या भागाचा सायकल काउंटर असतो, एम०मध्ये तो नसतो. लिनक्सवर पर्फ हे मोजणीचं साधन पुरेसं आहे.

मोजताना दोन फसगती नेहमी होतात. उत्तर कुठंच वापरलं नाही तर कंपायलर पूर्ण कॉलच काढून टाकतो, आणि "शून्य सायकल" पाहून आनंद होतो. किंवा इनपुट कोडमध्येच लिहिलेला स्थिरांक असतो आणि उत्तर कंपाइल होतानाच निघून जातं. म्हणून इनपुट व्होलाटाइल चलातून (ज्याची किंमत कंपायलर गृहीत धरू शकत नाही अशा चलातून) घ्या आणि उत्तर व्होलाटाइल चलात टाका.

एक्स्पच्या जागी तक्ता

तरीही बाष्पदाबाचं फंक्शन हलकं करायची वेळ येते, कारण अडचण जागेची असते. एटीटायनी८५मध्ये फ्लॅश ८ किलोबाइट, रॅम ५१२ बाइट. फ्लोट, भागाकार आणि एक्स्प जोडले की रेडिओच्या कोडला जागा कमी पडते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या (एफएओ) १९९८च्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेतलं सूत्र असं:

संपृक्त बाष्पदाब = ०.६१०८ × एक्स्प(१७.२७ × त ÷ (त + २३७.३)), किलोपास्कलमध्ये, त म्हणजे अंश सेल्सिअस

आता आपली माहिती वापरू. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, उन्हातल्या पेटीत आणखी चढतो. थंडीत मैदानी भागात तो शून्याखाली जात नाही. म्हणून ० ते ६० अंश ही हद्द धरू. बाहेरचा आकडा आला तर हवामान बदललं असं समजायचं नाही. उंदरानं वायर कुरतडली असं समजायचं.

अचूकता किती हवी? साधा सेन्सर अर्ध्या अंशानं चुकतो. ४५ अंशांना बाष्पदाब ९.५८ किलोपास्कल आहे आणि तिथं तो अंशामागे ०.४९नं चढतो. म्हणजे सेन्सरमुळेच सुमारे ०.२५ किलोपास्कलची, अडीच टक्क्यांची चूक येणार. एक अंशाच्या पायऱ्यांचा तक्ता करून मधल्या आकड्यांना सरळ रेषेनं जोडलं तर चूक किती? नियम असा: पायरीचा वर्ग, गुणिले वक्रतेचा, म्हणजे दुसऱ्या अवकलजाचा आकडा, भागिले आठ. ४५ अंशांपाशी ती ०.००२७ किलोपास्कल येते, सेन्सरच्या चुकीच्या नव्वदाव्या भागाएवढी. यापेक्षा बारीक तक्ता करण्यात काहीच हशील नाही.

त्याहून चांगली सोय सेन्सरच देतो. एसएचटी३१ तापमान १६ बिटांच्या कच्च्या आकड्यात देतो: अंश = −४५ + १७५ × कच्चा ÷ ६५५३५. मग आधी अंश काढून नंतर तक्ता पाहायचा तरी कशाला? तक्ता कच्च्या आकड्यावरच बांधा. वरचा बाइट म्हणजे ओळ क्रमांक, खालचा बाइट म्हणजे दोन ओळींमधली जागा. आठ बिटांच्या चिपवर वरचा बाइट उचलायला शिफ्टही (बिट सरकवणंही) लागत नाही. एका ओळीची पायरी ०.६८ अंशाची होते. ० ते ६० अंशांसाठी वरचा बाइट ६५ ते १५३, आणि जोडणीसाठी शेवटी एक जादा, १५४. एकूण ९० ओळी. मूल्यं पास्कलमध्ये ठेवली तर ६० अंशांचा १९,९३३ हा आकडाही १६ बिटांत बसतो. सगळा तक्ता १८० बाइटांत होतो, आणि चूक ६० अंशांपाशीसुद्धा दोन-अडीच पास्कलच्या वर जात नाही.

उत्तर = वरची ओळ + (पुढची ओळ − वरची ओळ) × खालचा बाइट ÷ २५६

२५६नं भागणं म्हणजे फक्त खालचा बाइट सोडून देणं. एटीटायनी८५मध्ये गुणाकाराचीही हार्डवेअर सूचना नाही, तरी एवढं काम एक्स्पच्या तुलनेत किरकोळ आहे.

या सूत्रात चूक होते ती गुणाकारात. दोन ओळींमधला फरक १२९ झाला की १२९ × २५५ = ३२,८९५, आणि १६ बिटांच्या 'इंट'ची हद्द ३२,७६७. हा फरक २५ अंशांच्या आसपासच १२९ होतो. ६० अंशांपाशी तो सव्वासहाशेच्या जवळ जातो, तिथं चिन्हरहित १६ बिटही पुरत नाहीत. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी टेबलावर तपासलेला कोड अगदी बरोबर उत्तरं देईल आणि होळीनंतर वावरात खुळ्यासारखे आकडे फेकेल. उपाय तोच, गुणाकाराआधी ३२ बिट. थर्मिस्टरसारखा (तापलं की रोध घटणाऱ्या सेन्सरसारखा) उतरता तक्ता असेल तर फरक ऋण येतो. ऋण संख्येच्या उजव्या शिफ्टचं काय करायचं हे सी भाषेनं कंपायलरवर सोडलं आहे. जीसीसी हा कंपायलर चिन्ह राखतो, पण उत्तर खालच्या बाजूला झुकतं.

आणखी एक: एटीमेगा३२८पी, एटीटायनी८५ अशा एव्हीआर घराण्यातल्या चिपांवर नुसतं 'कॉन्स्ट' लिहून तक्ता फ्लॅशमध्ये राहत नाही. तो सुरुवातीलाच रॅममध्ये उतरतो. ५१२ बाइटांतून १८० गेले तर स्टॅकला काय उरणार? प्रोगमेम ही खूण लावून तक्ता फ्लॅशमध्ये ठेवा आणि वाचतानाही फ्लॅश वाचायचंच फंक्शन वापरा. लावलं प्रोगमेम आणि वाचलं साध्या पद्धतीनं, तर कंपायलर अडवत नाही, कचरा मात्र मिळतो.

साइन, आणि पहिल्या भास्कराचं सूत्र

सोलर पंपाच्या ड्राइव्हमध्ये पीडब्ल्यूएमच्या (चालू-बंदच्या काळातून व्होल्टेज घडवण्याच्या पद्धतीच्या) दर फेरीला तीन साइन लागतात. वारंवारता ५ किलोहर्ट्झ असेल तर सेकंदाला १५,०००. इथं कोन अंशांत किंवा रेडियनमध्ये ठेवूच नये. १६ बिटांचा चिन्हरहित पूर्णांक घ्या आणि ६५,५३६ म्हणजे पूर्ण फेरी माना. फेरी संपली की आकडा आपोआप शून्यावर येतो. चिन्हरहित पूर्णांकाचं असं गुंडाळणं भाषेच्या नियमात बसतं, चिन्हासहित पूर्णांकाचं बसत नाही. १२० अंश म्हणजे २१,८४५ आणि २४० म्हणजे ४३,६९१. वरचा बाइट २५६ ओळींच्या तक्त्यात घातला की साइन मिळाली.

तक्त्याला जागा नसेल आणि चिपमध्ये भागाकाराचं हार्डवेअर असेल, जसं कॉर्टेक्स-एम३मध्ये असतं, तर इसवी सनाच्या सातव्या शतकातलं पहिल्या भास्कराचं सूत्र आजही कामाचं आहे. अंशातला कोन क धरला आणि प = क × (१८० − क) मानलं तर:

साइन ≈ ४ × प ÷ (४०५०० − प)

३० अंशांना नेमकं ०.५, ९० अंशांना नेमकं १, ४५ अंशांना ०.७०५९ जिथं खरी किंमत ०.७०७१. जास्तीत जास्त चूक ०.००१६ची. आठ बिटांच्या पीडब्ल्यूएमची एक पायरी ०.००३९ची असते, म्हणजे ही चूक अर्ध्या पायरीहूनही कमी. पण सूत्र ० ते १८० साठीच आहे. २१० अंश घातले तर −०.५ऐवजी −०.५४ येतं, ३६० घातले तर शून्याऐवजी जवळजवळ −२.४६. कोन आधी हद्दीत आणून चिन्ह वेगळं सांभाळलंच पाहिजे. अंदाजी सूत्र लिहिताना त्याची हद्द फंक्शनच्या डोक्यावर टिपेत लिहा, ही विनंती आहे. पुढचा माणूस ते फंक्शन भलतीकडे वापरणारच.

बहुपदी वापरायची असेल तर शाळेतली टेलर श्रेणी कापून वापरू नका. ती एका बिंदूपाशी उत्तम आणि टोकाला वाईट असते. २ चा क्ष घात, क्ष ० ते १, तिसऱ्या घातापर्यंतची टेलर टोकाला अर्ध्या टक्क्याहून जास्त चुकते. तेवढ्याच पदांची मिनिमॅक्स बहुपदी, जी चूक सगळ्या पट्ट्यात सारखी वाटून टाकते, दहा हजारात एकाच्या आसपास राहते. सोल्या हे मोफत साधन असे सहगुणक काढून देतं. आणि बहुपदी हॉर्नर पद्धतीनं, म्हणजे क्ष पुन्हापुन्हा सामाईक काढून, लिहा: सहाव्या घाताच्या बहुपदीला सरळ लिहून २१ गुणाकार लागतात, हॉर्नरनं सहा.

चिप बदलली की काय बदलतं

एव्हीआरवर डबल हा दुप्पट अचूकतेचा दशांश टाइप नेहमीच्या सेटिंगमध्ये फ्लोटएवढाच, चार बाइटांचा असतो. त्यामुळे ०.५ लिहिलं काय आणि ०.५एफ लिहिलं काय, फरक पडत नाही. तोच कोड एसटीएम३२एफ४ किंवा ईएसपी३२ या ३२ बिटांच्या चिपांवर नेला की पडतो. त्यांच्यात फक्त एकेरी अचूकतेचं, म्हणजे फ्लोटचं, हार्डवेअर आहे. कॉर्टेक्स-एम४एफमध्ये फ्लोटचा गुणाकार एका सायकलमध्ये होतो, भागाकार आणि वर्गमूळ प्रत्येकी १४मध्ये. पण ओळीत एक एफ-विना ०.५ आला तर ती क्रिया डबलमध्ये जाते आणि डबल सगळा सॉफ्टवेअरमध्ये होतो, क्रियेमागे डझनावारी सायकल. जीसीसीला डबल-प्रमोशनची वॉर्निंग चालू करायला सांगा, अशी प्रत्येक जागा तो दाखवतो. फंक्शनंही एफ-शेपटीची वापरा: एक्स्पएफ, स्क्वेअर-रूट-एफ. हार्ड-फ्लोटचा पर्याय दिलेला नसेल तर हे हार्डवेअर नुसतं बसून राहतं, तेही पाहा.

दहानं भागण्याऐवजी ०.१एफनं गुणा. कंपायलर हे स्वतः करत नाही, कारण ०.१ द्विमानात नेमका बसत नाही आणि उत्तर शेवटच्या बिटात बदलू शकतं. आठनं भागताना तो करतो, कारण तिथं काहीच बदलत नाही.

फास्ट-मॅथ हा कंपायलरचा पर्याय मात्र सेन्सरच्या प्रोग्रॅममध्ये सरसकट लावू नये. त्यात "नॅन कधी येणारच नाही" हे गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे नॅन आहे का ही तपासणीच कंपायलर पुसून टाकतो. डीएचटी२२ या सेन्सरच्या प्रचलित लायब्ररीत वाचन फसलं की नॅनच परत येतो. म्हणजे वायर तुटल्याची खूण तुम्ही स्वतःच मिटवली. वर्गमूळ वेगवान हवं असेल तर नो-मॅथ-एर्नो एवढाच पर्याय पुरतो. तो नसेल तर ऋण संख्येसाठी एर्नो (त्रुटीचा क्रमांक ठेवायचं चल) भरायचा म्हणून कंपायलर हार्डवेअरच्या सूचनेभोवती तपासणी आणि लायब्ररीचा कॉल ठेवतो.

जीपीएसनं वावर मोजताना

धुऱ्याभोवती फिरून क्षेत्रफळ काढणाऱ्या यंत्रात दर बिंदूला कोसाइन बोलावलेली दिसते. एका वावरात अक्षांश बदलून बदलणार किती? वर्ध्याकडे २०.७ अंशांना कोसाइन ०.९३५४. पहिल्या बिंदूला एकदा काढा आणि सगळीकडे तीच वापरा.

खरा धोका फ्लोटचा. विदर्भाचे रेखांश ७६ ते ८१च्या दरम्यान आहेत. ६४ ते १२८ या पट्ट्यात फ्लोटची पायरी २ च्या १७ व्या घातानं भागलेल्या एकाएवढी असते, म्हणजे ०.०००००७६ अंश. जमिनीवर ती सुमारे ८० सेंटिमीटर होते. ज्या धुऱ्यावरून भाऊबंदकी होते तो याहून अरुंद असू शकतो. म्हणून अंश एक कोटीनं गुणून ३२ बिटांच्या पूर्णांकात ठेवा. १८० अंशही त्यात मावतात. आधी पूर्णांकातच पहिल्या बिंदूपासूनचा फरक काढा, आणि तो छोटा फरक मग फ्लोटमध्ये न्या. गुणाकार तेवढेच राहतात, अचूकता सेंटिमीटरच्या घरात येते, पुढची चूक जीपीएसची.

तपासणी

१६ बिटांचं इनपुट असलेल्या फंक्शनला ६५,५३६च प्रश्न विचारता येतात, तर सगळे विचारा. लॅपटॉपवर एका लूपमध्ये नवं फंक्शन आणि डबलमधलं मूळ सूत्र समोरासमोर चालवा, सर्वांत मोठा फरक आणि तो कुठं आला ते छापा. पण लॅपटॉपवर 'इंट' ३२ बिटांचा असतो. वरची २५ अंशांची चूक तिथं दिसणारच नाही. म्हणून चलांना नेमक्या रुंदीचे टाइप द्या आणि हीच चाचणी एकदा खऱ्या चिपवर सिरियल पोर्टमधून चालवा. उत्तर चढतं असायला हवं तिथं तक्त्याच्या सांध्यावर ते मागं तर येत नाही ना, पहिल्या ओळीच्या खाली आणि शेवटच्या ओळीच्या वर काय होतं, आणि कच्चा आकडा ०ला आणि ६५५३५ला काय मिळतं, हे वेगळं पाहा. हद्दीबाहेर ठरलेला त्रुटीचा आकडाच परत आला पाहिजे.

तक्ता बनवणारा छोटा प्रोग्रॅम तक्त्याच्याच फोल्डरमध्ये ठेवा. बाजारात एसएचटी३१ मिळाला नाही म्हणून उद्या बीएमई२८० बसवला, तर त्याचं पूर्णांकी सूत्र अंशाचा शंभरावा भाग देतं. ४५ अंशांना ४५००. हा आकडा जुन्या तक्त्यात घातला तर वरचा बाइट १७ येतो, हद्द तपासलेली असेल तर त्रुटी मिळते, नसेल तर तक्त्याबाहेरची फ्लॅश वाचली जाते. नव्या सेन्सरला नवी पायरी ठरवा, तक्ता पुन्हा काढा आणि सगळे प्रश्न पुन्हा विचारा.